लाईट नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

अण्णा,

नमस्कार शेवटी लिहिते. आधी लिहिला तर तुम्ही अक्षर ओळखाल, पत्राची घडी कराल आणि खिशात टाकाल. त्याआधी एवढी एक ओळ वाचा. मोटारीच्या खोलीतल्या स्टार्टरची पेटी उघडू नका. वरच्या डब्यावर काहीही लिहून आलेलं असो, उघडू नका.

तुमच्याकडे तो डबा आहे हे मला काल कळलं. शिवमनं घरच्या ग्रुपवर मक्याचे फोटो टाकले होते. प्रेरणाला त्या ग्रुपमधून काढून टाक असं तुम्ही त्याला सांगितलं होतं, त्यानं काढलं नाही. त्याला रागावू नका, तो तिकडे चाकणला नोकरीला असतो, त्याला तेवढाच विरंगुळा. एका फोटोत तुम्ही मोटारीच्या खोलीच्या दारात उभे आहात आणि तुमच्या मागं भिंतीवर पांढरा ऑटोस्विच दिसतोय, हिरव्या काचेचा. मी फोटो मोठा करून बघितला. मग बराच वेळ मला जेवण गेलं नाही.

तो डबा आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यातला आहे. लाईट आली की मोटार आपोआप चालू करतो आणि काचेवर मराठीत सांगतो, लाईट आली, लाईट नाही. दुकानदारानं तुम्हाला हेच सांगून विकला असणार.

शनिवारी आमच्याकडे टेबलावर एक डबा तपासायला लावला होता. शेजारी मोठी मोटार चालू केली, तारेत झटका आला. डब्यावर लिहिलेलं होतं, लाईट नाही. आमच्याकडे जोडणी करणाऱ्या सगीराआपा आहेत, त्यांनी ते वाचलं आणि तार सरळ करायला हात घातला. तारेत करंट होता. त्या मागच्या कपाटावर आदळल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलल्या माहीत आहे? "इस्पे तो नाही लिख्या है ना, फिर मेरेकू झटका कायकू बैठ्या?" सगळे हसले, त्यापण हसल्या. बोटं भाजलीत, जीव वाचला. टेबलाखाली रबरी चटई होती म्हणून. तुमच्या मोटारीच्या खोलीत खाली ओल असते, अण्णा.

असं का झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी उगाच घाबरवते. डब्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक चिप, ती तारेत करंट आहे का बघते. दुसरा तो हिरव्या काचेचा डिस्प्ले. त्याला स्वतःचं डोकं नाही, चिप जे सांगेल ते तो लिहितो. पण एकदा लिहिलं की नवीन हुकूम येईपर्यंत तेच धरून बसतो. शनिवारच्या झटक्यानं चिप बंद पडली, मग तारेत करंट सोडला तरी डिस्प्लेवर आधीचंच राहिलं. दुकानदार घरी निघून गेला आणि दारावर 'दुकान उघडे आहे' ही पाटी तशीच लटकत राहिली, तसं समजा. आणि चिपच बंद म्हटल्यावर मोटारही चालू होत नाही. म्हणजे समोर लाईट नाही लिहिलेलं, मोटार गप्प, गावातली लाईट तुमच्या शेतातल्या लाईनीवर नाही, त्यामुळं तिच्यावरूनही काही कळणार नाही. माणसाला खरंच वाटेल.

आणि तुम्ही गप्प बसून राहणाऱ्यातले नाही. मोटार बंद आहे तर तेवढ्यात पेटीतल्या पट्ट्या घासून घेऊ, एखादा स्क्रू आवळू, हे तुमचं नेहमीचं. मला तेच डोळ्यांसमोर दिसतंय.

आमच्या ऋतुराज सरांनी विक्री थांबवली आहे. आम्ही सगळ्या दुकानदारांना फोन करतोय आणि दुकानदार गिऱ्हाइकांना. तुम्हालाही फोन येईल, पण तुम्ही अनोळखी नंबर घेत नाही आणि ओळखीचा माझा नंबर तर कापताच. म्हणून हे पत्र माऊलीकडे देते. तो रोज दूध घेऊन टीव्ही सेंटरच्या डेअरीवर येतो, दुपारपर्यंत परत गावात पोचतो.

डब्यावरचं ते कुणी लिहिलं, कसं लिहिलं, ते आत्ता महत्त्वाचं नाही.

आता नमस्कार. आईलापण.

प्रेरणा


बुधवार, ५ फेब्रुवारी, पहाटे
उस्मानपुरा

अण्णा,

हे डब्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहितेय. पुढच्या बाजूला मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते माऊलीनं मोटारीच्या खोलीच्या दाराला अडकवायचं आहे. मागची ही बाजू तुमच्यासाठी. कुणी वाचली तरी चालेल, आता मला लाज वाटत नाही.

माऊली म्हणाला, तुम्ही पत्र घेतलं, अक्षर बघितलं, "बघू" म्हणालात आणि बंडीच्या खिशात ठेवलं. अजून तिथंच असेल.

म्हणून मी काल सकाळी शेजारच्या द्वारकाकाकूंच्या फोनवर आईला बोलावलं. घाईघाईत सांगितलं, "आई, अण्णांना सांग, डब्यावर लाईट नाही दिसलं तरी हात लावायचा नाही." आई म्हणाली, "व्हय, सांगते." मला एवढं हायसं वाटलं की मी कामावर जाताना इडली खाल्ली.

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. खुशीत होती. म्हणाली, "सांगितलं बरं का मी. आन् ऐकलंबी त्यांनी, यावेळी काय बी बोलले नाय."

मी विचारलं, "काय सांगितलंस नेमकं?"

"तूच म्हणलीस ते. डब्यावर लाईट नाय दिसली तर हात लावायचा नाय. लाईट दिसली तर खुशाल लावायचा."

मी जिन्यावर बसले.

आई पुढं म्हणाली, "ते म्हणले, आपल्या डब्याची हिरवी लाईट कायम असती, बॅटरी लई चांगली हाय. मंग आपल्याला कायच भेव नाय."

अण्णा, मी म्हणत होते ते काचेवरचे शब्द. आईला वाटलं काचेमागचा उजेड. उजेड तर कायम राहणार, त्याला बॅटरी आहे. चिप मेली तरी उजेड राहतो. म्हणजे माझा निरोप तुमच्यापर्यंत असा पोचला, की डबा हिरवा दिसतोय तोवर बिनधास्त हात घाला. मी सावध करायला गेले आणि उलट परवानगीच देऊन बसले.

मी फोनवर ओरडले, "आई, उलटं झालं, उलटं." ती म्हणाली, "काय उलटं गं?" आणि फोन कट झाला. परत लावला, बंद. द्वारकाकाकूंची बॅटरी संपली असेल, त्यांचं काय, त्या फोन कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून विसरतात. शिवमला लावला, तो पाळीवर, फोन लॉकरमध्ये. तुम्हाला लावला, तुम्ही कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी तुम्ही फोनच बंद केला.

माझ्या खोलीत नौशीन राहते, आमच्याच कारखान्यात असते. ती म्हणाली, "सो जा, सुबू देखेंगे." मला झोप कुठली? या आठवड्यात तुमच्याकडे दिवसाची लाईट आहे. मक्याला पाणी चालू असणार.

आता ते सांगते जे परवा टाळलं. डब्यावरची ती अक्षरं माझी आहेत.

अशा डिस्प्लेला फक्त इंग्रजी अक्षरं येतात. दुसरी भाषा हवी तर अक्षरं आपण ठिपक्या-ठिपक्यानं काढून द्यायची, आणि तीही आठच ठेवायला त्याच्यात जागा. सर म्हणत होते इंग्रजीत राहू दे. मी हट्ट धरला. आमच्याकडे शेतात कुणी इंग्रजी वाचत बसत नाही म्हटलं, आणि वीजपुरवठा खंडित असंही कुणी म्हणत नाही. लाईट म्हणतात. मग बसून मोजलं. ल, काना, ई, ट, न, ह, वेलांटी, आणि 'आली'साठी अ. बरोबर आठ. त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले होते. ई काढताना तुमची आठवण आली होती, तुम्ही मला पाटीवर ई शिकवताना खालचं शेपूट विसरायचात.

इंग्रजी डब्यात कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकायचा. चिप जिवंत आहे याची खूण. पहिले मराठी डबे गेले तेव्हा शेतकरी दुकानात विचारायला लागले, हे काय फडफडतंय, डबा बिघडला का? अक्षरं एवढी सुंदर बसली होती, मला तो ठिपका खुपत होताच. मी काढून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. ठिपका असता तर सगीराआपांनी हात घातला नसता.

म्हणजे डबा पोरीचा आहे, अण्णा. जिनं साखरपुडा झाल्यावर नाही म्हटलं आणि सिल्लोडच्या पाहुण्यांपुढं तुम्हाला मान खाली घालायला लावली, तिचा. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही, ते लोक नोकरी सोड म्हणत होते. पण तुमचा राग मला माहीत आहे, आणि आज पहिल्यांदा मला तो हवाय. हे वाचून तुम्ही डबा भिंतीवरून उपटाल आणि विहिरीत फेकाल. फेका. फक्त आधी डीपीवर, ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन लाईन बंद करायला लावा.

उजाडतंय. माऊलीला गाठायला निघते.

प्रेरणा


रविवार, ९ फेब्रुवारी
उस्मानपुरा

अण्णा,

बुधवारी आपण दोघं एका खोलीत होतो आणि नीट काही बोललो नाही. तुम्ही विहिरीकडे निघून गेलात, मी आईकडे गेले, मग माऊलीची गाडी निघाली. सोल्डरिंगचं काम सरांनी दोन दिवस दुसऱ्याला दिलंय. लिहिलं तर मन थाऱ्यावर येईल असं नौशीन म्हणते.

मी यायचं ठरवून आले नव्हते. डेअरीपाशी माऊलीच्या हातात पुठ्ठा दिला, "सरळ मळ्यात जा, आधी कुठं थांबू नको" सांगितलं. त्यानं गाडी चालू केली आणि माझ्या हातून दरवाजा सुटेना. माऊली म्हणाला, "ताई, बसा तरी नायतर सोडा तरी." बसले. मागं रिकाम्या कॅनांचा खणखणाट, आणि मी सगळ्या रस्त्यानं तुमच्या नंबरावर फोन लावत. फुलंब्रीच्या पुढं एकदा रिंग गेली, मला रडू आलं, आणि तुम्ही कापला. त्याचाही आनंद झाला. कापला म्हणजे हात होता, माणूस होता.

मळ्याच्या वळणावर मी उतरून पळाले. पुठ्ठा गाडीतच राहिला. वळणावरच्या शेतात, आपल्याच लाईनीवर, मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. आपली बंद होती. तेव्हाच मला कळलं, लाईट आहे आणि डबा अडकलाय.

दारातून दिसलं ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुमची पाठ होती. तुम्ही उकिडवे बसला होता. पेटीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. उजव्या हातात पेचकस. पाय अनवाणी, खालची फरशी ओली. आणि तुमच्या डोक्याच्या वर हिरव्या काचेवर माझी अक्षरं, स्वच्छ, एक ठिपका इकडचा तिकडं नाही. लाईट नाही.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि मनात आलं, की ओरडले तर तुम्ही दचकाल. दचकलात तर हात पुढं जाईल. पेचकस आणि ती पट्टी यांच्यात बोटभर अंतर होतं. धावत येऊन तुम्हाला धरलं तरी तेच. मी तशीच उभी राहिले. मला एकच कळत होतं, की जे बोलायचं ते अगदी रोजचं असायला पाहिजे.

मी म्हटलं, "अण्णा, चहा आणलाय."

तीन वर्षांनी तुमच्याशी पहिलं वाक्य बोलले आणि तेही खोटं. माझ्याकडे चहा नव्हता, पाणीपण नव्हतं.

तुम्ही मागं न बघता म्हणालात, "ठेव तिथं."

हात तिथंच. तुम्हाला आवाज ओळखू आला नाही की आला, मला आजही माहीत नाही. मी म्हटलं, "निवतोय."

"लई घाई तुमाला," असं म्हणत तुम्ही पेचकस खाली ठेवलात, धोतराला हात पुसलात आणि वळलात. माझ्याकडे बघितलंत. माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलंत. मी तुमचं मनगट धरून तुम्हाला दाराबाहेर ओढलं, तुमचा तोल गेला, तुम्ही "आगं, आगं" करत राहिलात. माझी नखं लागली असतील. आईला सांगा हळद लावायला.

तुम्ही म्हणालात, "येडी का खुळी तू? लाईट नाय, लिव्हलंय की वर."

तेव्हा मला खुंटीवर तो बल्ब दिसला, होल्डरला दोन वायरी लावलेला. मी लहान असताना तुम्ही तो लावून बघितल्याशिवाय कधी पेटीत बोट घातलं नाही. लाईट गेली असं अख्खं गाव सांगत असलं तरी आधी बल्ब. पत्र लिहिताना, पुठ्ठा लिहिताना, गाडीत, मला आतल्या आत एक धीर होता तो त्या बल्बाचा. अण्णा बल्ब लावतीलच, असं मी स्वतःला म्हणत होते. तुम्हाला लिहिलं नाही, कारण शिकवायला कोण मी?

खुंटीवरच्या बल्बाला कोळ्याचं जाळं धरलं होतं.

मी कोरड्या पोत्यावर उभी राहून वायरी लावल्या. बल्ब पेटला. इतका लख्ख, की जाळ्याचा धूर झाला. तुम्ही बल्बाकडे बघितलंत, मग काचेकडे, मग परत बल्बाकडे. मग तुम्ही दाराच्या चौकटीला धरून हळूच खाली बसलात. तुमचा रंग उडालेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

मी विचारलं, "बल्ब का नाही लावला अण्णा?" जरा चिडूनच विचारलं. मी घाबरले की मला राग येतो, हे तुमच्याकडूनच आलंय.

तुम्ही काचेकडे बोट केलंत. "ह्यो बसवल्यापासून सोडलं बल्बाचं," म्हणालात. मग माझ्याकडे न बघता, "दुकानदार म्हणला, कारखान्यात तुमच्या पोरीनंच लिव्हलंय हे. दुसरे सस्ते होते, म्या हाच मागितला. घरचं अक्षर हाय म्हणलं, खोटं कशाला बोलंन."

एवढं बोलून उठलात आणि विहिरीकडे गेलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी रात्रभर जागून पुठ्ठ्यावर कबुली लिहिली, डबा माझा आहे कळलं की अण्णा फेकून देतील म्हणून. आणि तो माझा होता म्हणूनच तो तुमच्या भिंतीवर होता. माझा फोन कापायचात आणि माझं अक्षर वाचून ओल्यात अनवाणी बसायचात. आईला माहीत नव्हतं, शिवमला नव्हतं. गावात सांगितलं असतंत तरी माझ्या कानावर आलं असतं. मी बुधवारपासून यावर किती रडले ते नौशीनला विचारा. आनंदानं रडले की भीतीनं, ते मलाही सांगता येत नाही. डोळे मिटले की दिसते तुमची पाठ आणि वर माझी अक्षरं.

माऊलीनं डीपीवरून लाईन बंद करवली, मी डबा काढून आणला. तो इथं माझ्या टेबलावर आहे. चिपसाठी नवीन प्रोग्राम लिहिलाय. आता ती अडकली तर स्वतःहून पुन्हा चालू होते, आणि कोपऱ्यातला ठिपका परत घातलाय. तो लुकलुकायचा थांबला तर डबा मेलाय असं समजायचं. फडफडतंय म्हणून कुणाला आवडो न आवडो. सगीराआपांनी पट्टी बांधलेल्या हातानं शेजारी मोटार चालू-बंद करून दिवसभर झटके दिले, अजून तरी अडकला नाही. सर म्हणतात झालं, पाठवून द्या सगळ्यांना.

मी कुणालाही 'झालं' म्हणून सांगायला घाबरते. पुन्हा काहीतरी मला दिसलेलं नसेल. दुसरा एखादा झटका, दुसरा पावसाळा, एखादी मुंगी. मला आता काहीच ठामपणे लिहिता येत नाही, साधं 'लाईट आली' लिहितानासुद्धा बोट थांबतं.

पुढच्या रविवारी डबा घेऊन मीच येते. माऊलीकडे देणार नाही. तुम्ही घरात घेतलं तर घरात येईन, नाहीतर मोटारीच्या खोलीतून परत जाईन, त्यावर भांडणार नाही. पण एक ऐकावंच लागेल.

तीन वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, की माझ्या अण्णांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. तुम्ही ठेवला होता आणि मला कळूही दिलं नाही. आता तुमच्या पाया पडून सांगते, नका ठेवू. मी शेजारी उभी राहून शपथेवर सांगितलं लाईट नाही, तरी माझ्या तोंडावर म्हणा, थांब पोरी, आणि आधी बल्ब लावून बघा.

तुमची
प्रेरणा